आधी सावली, मग यंत्र

मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेस जाणारा रस्ता देवबागला पोहोचतो आणि तेथेच संपतो, कारण त्यापुढे जावयास जमीन उरत नाही. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदीचे रुंदावलेले पात्र आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे हे गाव आहे. घराच्या पुढल्या दाराने समुद्रावरचा वारा आत यावा आणि मागल्या दाराने खाडीकडे निघून जावा, अशी सोय येथे निसर्गानेच करून ठेवली आहे. महाराष्ट्रात कोणत्याही गावास वारा विकत घेण्याची पाळी येऊ नये असे म्हणावयाचे, तर ते या गावाविषयी म्हणावे लागेल. परंतु आज याच पट्टीवर नव्या घरांच्या भिंतींना वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या लटकताना दिसतात, आणि मे महिन्याच्या रात्री समुद्राच्या गाजेत त्यांची घरघर मिसळलेली असते.

यंत्र घेणाऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. उकाड्यात झोप न येणे हे काही तपश्चर्येचे लक्षण नव्हे. वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी माणसे यांच्या बाबतीत तर थंड खोली ही चैन म्हणता येणार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. मुंबईत तीस-पस्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त झालेला चाकरमानी फंडाच्या पैशांतून गावी घर बांधतो. जुने कौलारू घर मोडून वर स्लॅब टाकतो, सरकत्या काचांच्या खिडक्या बसवतो आणि पहिल्याच मे महिन्यात त्याला कळून चुकते की, वडिलांच्या घरात दुपारी डोळा लागत असे, या घरात मध्यरात्रीही लागत नाही. मग तो दुकानात जाऊन विचारतो, "किती टनाचा एसी लागेल?" त्याने विचारावयास हवा तो प्रश्न याच्या आधीचा आहे. ही उष्णता घरात येते कोठून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्याचे उत्तर घर बांधण्यापूर्वी गवंड्याने किंवा इंजिनियरने द्यावयाचे असते, पण ते त्यांना कोणी विचारीत नाही.

किनाऱ्यावरचा उकाडा आणि देशावरचा किंवा विदर्भातला उन्हाळा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. माठातले पाणी गार का होते, हे आपण सर्वांनी शाळेत शिकलो आहोत. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जाते. आपले शरीरही घामाच्या रूपाने हाच प्रयोग अहोरात्र करीत असते. तापमापकाच्या फुग्यास ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर पारा जेथवर उतरेल ती या थंडाव्याची सीमा होय. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला पारा २३ अंशांच्या आसपास उतरतो. मालवणच्या किनाऱ्यावर तापमान केवळ ३३ अंश, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो २८ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे नागपुरास निसर्गाने वीस अंशांची सवलत दिली आहे, मालवणास पाचांचीही नाही. म्हणूनच पाण्याचा कूलर नागपुरात वरदान ठरतो आणि देवबागला निरुपयोगी. तेथे तो हवा दोन-चार अंशांनी उतरवतो खरा, पण आधीच दमट असलेल्या खोलीत आणखी वाफ भरतो. नागपूरच्या नातेवाइकांचे पाहून कूलर विकत घेणाऱ्या कोकणी गृहस्थाचे पैसे वाया जातात ते याच कारणाने.

किनाऱ्यावरचा उकाडा केवळ त्रासदायक असतो, घातक नसतो, असा समज कोणी करून घेऊ नये. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यास आलेल्या माणसांपैकी दहाहून अधिक जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी काही विदर्भातले चाळीस-पंचेचाळीस अंश तापमान नव्हते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीराची उष्णता शरीरातच साठत जाते. तापमापकावरचा आकडा सौम्य दिसतो म्हणून निश्चिंत राहणे किनाऱ्यावर राहणाऱ्यास परवडणारे नाही.

गंमत अशी की, ज्या यंत्राची आज एवढी मागणी आहे, ते मुळात माणसासाठी निघालेच नव्हते. ते निघाले आमच्या धंद्यासाठी! १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि आकसे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने त्यावर उपाय म्हणून जी यंत्रणा आखली, तिच्यातून आधुनिक वातानुकूलनाचा जन्म झाला. हवेतील ओलावा काढणे हे या यंत्राचे मूळ काम आहे, आणि देवबागसारख्या ठिकाणी त्याने मुख्यतः तेच करावयाचे असते. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरास सुमारे २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. खोली २५ अंशांवर सुखावह करावयाची तर त्यातले जवळजवळ निम्मे काढून टाकावे लागते. यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी ते हेच. दार किंवा खिडकी किलकिली ठेवली की बाहेरची ओली हवा पुन्हा आत येते आणि यंत्र तेच काम रात्रभर नव्याने करीत राहते.

येथेच "मोठे यंत्र अधिक चांगले" हा समज फसतो. यंत्राचा 'टन' हा वजनाचा नसून एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेचा आहे. तो सुमारे साडेतीन किलोवॅट भरतो. लहान खोलीत दीड-दोन टनांचे यंत्र बसवले, तर ते हवा झपाट्याने गार करते आणि थांबते. तेवढ्या वेळात ओलावा पुरेसा निघालेला नसतो. परिणामी खोली गार पण कुबट होते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, भिंतीवर बुरशी धरते आणि घरातील दम्याच्या रोग्यास त्रास होतो. गती कमी-जास्त करणारी नवी इन्व्हर्टर यंत्रे हा दोष बराच कमी करतात, परंतु नाहीसा करीत नाहीत. यंत्र खोलीच्या मापाचे असावे, आणि खोलीचे माप म्हणजे केवळ तिची लांबी-रुंदी नव्हे. तिच्या माथ्यावर काय आहे, हेही त्या मापात येते.

माथ्यावर काय आहे याचा एक ढोबळ हिशेब वाचकांपुढे ठेवतो. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा खोलीवर चार-पाच इंच जाडीचा उघडा स्लॅब आहे असे समजा. भर उन्हात त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५० अंशांच्या बरेच वर जाते आणि त्यातून खोलीत शिरणारी उष्णता एक किलोवॅटहून अधिक भरते. म्हणजे एक टनाच्या यंत्राची तिसऱ्या हिश्शाएवढी शक्ती केवळ छपराशी झुंजण्यात खर्ची पडते. तोच स्लॅब चुन्याने किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाने रंगवून पांढरा राखला, तर हा भार सुमारे निम्म्यावर येतो. त्यावर सावली धरली तर आणखी कमी होतो. शिवाय काँक्रीटचा स्वभाव असा की, दुपारी घेतलेली उष्णता तो काही तास उशिराने खाली सोडतो. किनाऱ्यावर समुद्राचा वारा दिवसा वाहतो आणि रात्री मंदावतो. दुपारी वारा असतो तेव्हा माणसे बाहेर कामात असतात. रात्री ती अंथरुणास पाठ टेकतात, तेव्हा वारा पडलेला असतो आणि डोक्यावरचा स्लॅब मात्र उष्णता सोडीतच असतो. देवबागच्या नव्या घरात रात्रीची झोप उडते तिचे कारण एवढेच आहे.

वाडवडिलांच्या घरास हे ज्ञान होते. चिऱ्यांच्या जाड भिंती, सर्व बाजूंनी खाली उतरलेली पडवी, माळा, आणि माळ्यावर कौलांचे उतरते छप्पर. मंगळूर येथे बाझल मिशनने १८६५ साली कारखाना काढल्यानंतर या कौलांचा प्रसार साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर झाला. कौल पातळ असते, ते सायंकाळी लवकर निवते. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाते, आणि माळा हे छपराच्या व माणसाच्या मधले पांघरूण ठरते. पडवीमुळे भिंतीवर ऊन पडत नाही. उन्हाळ्यात खळ्यात झापांचा मांडव घातला की अंगणही तापत नाही. परंतु जुन्या घराचे गोडवे गाऊन थांबणे हा शहरवासीयांचा आवडता दोष आहे, आणि तो आम्ही करू इच्छित नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतावी लागतात आणि त्यास माणूस मिळत नाही. माकडे कौलांचा चुरा करतात. वाशांना वाळवी लागते. आणि चक्रीवादळात छप्पर उडून जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवण किनाऱ्यावर जो हाहाकार उडवला, तो ज्यांनी पाहिला त्यांनी त्यानंतर स्लॅब टाकला, तर त्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा? स्लॅब सुरक्षितता देतो. आमचे म्हणणे इतकेच की, स्लॅबला सावली हवी.

ही सावली अनेक प्रकारे देता येते. स्लॅबच्या वर हवा खेळण्यास दोन-तीन फुटांची मोकळी जागा सोडून पक्क्या बांधणीचे उतरते छप्पर घालावे, म्हणजे ऊन आणि कोकणचा पाऊस दोन्ही परस्पर अडतात. ते परवडत नसेल, तर निदान गच्चीस पांढरा रंग द्यावा आणि पावसाने शेवाळ धरल्यावर तो दरवर्षी धुऊन नव्याने लावावा. सौर पट्ट्या बसवणाराने त्या उंच सांगाड्यावर बसवल्या, तर विजेबरोबर सावलीही मिळते. सांगाडा मात्र वादळवाऱ्यास आणि खाऱ्या हवेस टिकणारा असावा. पश्चिमेच्या भिंतीस पडवी किंवा रुंद छज्जा हवा. खिडक्यांविषयी सांगावयाचे तर, एका भिंतीस मोठी खिडकी ठेवल्याने वारा येत नाही. त्यास शिरावयास एक आणि निघावयास दुसरी वाट लागते, आणि ती समोरासमोर असली तर उत्तम. सरकत्या काचांची खिडकी कितीही मोठी केली तरी उघडते निम्मीच. जुनी दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. डासांची जाळी आवश्यक आहे, पण ती वारा बराच अडवते, हे जाणून खिडकीचे माप वाढवावे. आणि शेजाऱ्यापेक्षा आपले कुंपण उंच असावे या हौसेने घराभोवती पुरुषभर भिंत उभारणारा गृहस्थ तो वारा प्रथम आपल्याच घराचा अडवतो.

इतके करूनही एप्रिल-मे महिन्यांतील काही रात्री यंत्रावाचून निभावणार नाहीत, हे आम्ही मान्य करतो. मग यंत्र घ्यावे, पण जाणतेपणाने. एकच खोली त्यासाठी निवडावी, तिची दारे-खिडक्या घट्ट बसणारी असावीत, आणि यंत्र २५-२६ अंशांवर ठेवून वर पंखा चालवावा. पंख्याचा वारा अंगास दोन-तीन अंशांचा दिलासा देतो. नवा कमी विजेचा पंखा रात्रीच्या आठ तासांत पाव युनिट वीज घेतो, जुना सुमारे अर्ध्याहून थोडी अधिक. एक टनाचे यंत्र त्याच आठ तासांत पाच-सहा युनिटे सहज घेऊ शकते. महिन्याचा वापर १०० युनिटांपलीकडे गेला की घरगुती विजेचा दरही चढतो, याचा हिशेब खरेदीपूर्वी मांडावा.

समुद्रकाठी यंत्राचा खरा शत्रू म्हणजे खारी हवा. बाहेरच्या पेटीत तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. दोन भिन्न धातू आणि मिठाचा ओलावा एकत्र आले की गंज अटळ असतो. म्हणून ही पेटी समुद्राच्या तोंडावर न लावता घराच्या आडोशास, पूर्वेच्या बाजूस लावावी, परंतु कोंडलेल्या बोळात नव्हे. संरक्षक लेप दिलेलेच यंत्र मागावे, आणि पट्ट्या अधूनमधून गोड्या पाण्याने धुवाव्यात. यंत्रातून ठिबकणारे पाणी बादलीत धरले तर या कामास तेही चालते. पिण्यास मात्र ते वापरू नये. "दरवर्षी गॅस संपतो" असे सांगणाऱ्या कारागिरापासून सावध राहावे. गॅस हा चुलीतल्या लाकडाप्रमाणे जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ नळीस गळती आहे, आणि गळती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. आजच्या बहुतेक नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट प्रभावी आहे आणि काहीसा ज्वलनशीलही आहे, ही बाब वेगळीच.

आता या प्रश्नाची जी बाजू आम्हांस सर्वांत अधिक खुपते, तिच्याकडे वळू. देवबाग-तारकर्लीच्या अनेक कुटुंबांचा संसार आज पर्यटकांवर चालतो. "एसी खोली आहे का?" हा पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो, म्हणून कर्ज काढून यंत्र बसवले जाते. पाहुणा दारे लावून, अठरा अंशांवर यंत्र ठेवून, पांघरूण घेऊन झोपतो. बाहेरची पेटी तिची गरम हवा मागल्या अंगणात फेकते, आणि त्या अंगणालगतच्या खोलीत यजमानीणबाई व तिची वृद्ध सासू उघड्या स्लॅबखाली जागत पडलेल्या असतात. ज्या घराने अतिथीस थंडावा विकावयाचा, त्या घरातील माणसांनीच त्याची ऊब सोसावयाची, हा व्यवहार आम्हांस न्याय्य वाटत नाही. आणि वीज गेली म्हणजे पाहुणा आणि यजमान दोघेही सारखेच असहाय होतात. तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरील गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी यंत्र ही भिंतीवरची एक पेटी असते, आणि कामास येते ते घरच.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे नव्हे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे सुरुवातीस २४ अंशांवरच चालू होतील, असा नियम झाला. त्यापूर्वी, २०१८ मध्ये, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची 'इको निवास संहिता' प्रसिद्ध झाली होती. छपरातून दर चौरस मीटरास, दर अंशामागे १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये आणि उष्ण-दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान एक षष्ठांश असावे, असे ती सांगते. उघडा स्लॅब या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. परंतु ही संहिता मुळात मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी लिहिलेली. देवबागच्या चार खोल्यांच्या घरापर्यंत ती पोहोचणार कशी?

ती पोहोचवण्याचे मार्ग आहेत. घरकुलास अनुदान देताना छपराच्या सावलीसाठी थोडी रक्कम वेगळी राखावी. निवास-न्याहारीची नोंदणी करताना पर्यटन विभागाने खोलीत यंत्र आहे की नाही, एवढेच न पाहता समोरासमोर खिडक्या आणि झाकलेले छप्पर आहे की नाही, हेही पाहावे. गृहकर्ज देणाऱ्या बँकांनी नकाशात स्लॅबच्या जाडीबरोबर स्लॅबच्या सावलीचीही विचारणा करावी. आणि तंत्रनिकेतनांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी किनाऱ्यावरच्या गवंड्यांसाठी व यंत्र-कारागिरांसाठी लहान वर्ग चालवावेत. यातील एकाही गोष्टीस नवे शास्त्र लागत नाही, की परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे गाव कोकणात आहे आणि पुष्कळांच्या मनात गावच्या घराचा नकाशा तयार आहे. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, मे महिन्यातील एखाद्या दिवशी, रात्री दहा वाजता, आपल्या वा शेजाऱ्याच्या स्लॅबच्या घरात शिडीवर चढून छताच्या आतल्या अंगास हात लावून पाहावा. हातास जी ऊब लागेल ती दुपारच्या उन्हाची आहे. यंत्र विकत घेऊन ती दररोज रात्री बाहेर फेकावयाची, की छपरावर सावली धरून ती आत येऊच द्यावयाची नाही, याचा निर्णय प्रत्येकाने स्वतः करावा. सावलीचा खर्च बहुतांशी एकदाच होतो. उन्हाचे बिल मात्र दर महिन्यास येत राहते.